करोडगिरीचा नाका

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे निघाली. त्याआधी ही गाडी सुरुवातीला नगर ते आष्टी एवढीच धावत होती. मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून तो मार्ग बीडपर्यंत पुढे नेण्यात आला. नगरच्या कापडबाजारातील एका घराण्यात त्या दिवशी या बातमीवर बराच वेळ बोलणे झाले. घरातील सत्त्याहत्तर वर्षांच्या वडीलधाऱ्या बाई मात्र गप्प होत्या. त्यांचा जन्म त्याच वाटेमुळे नगरला झाला होता, आणि ती वाट त्यांच्या जन्माआधी दोन महिने कशी ओलांडली गेली हे त्यांनी आपल्या आईकडून अनेकदा ऐकले होते.

नगरहून जामखेडला जावयाचे म्हणजे १९४८ सालापर्यंत एक परका मुलूख ओलांडावा लागे, असे आज त्या रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्या तरुणांना सांगितले तर ते खरे वाटत नाही. जामखेड हे नगर जिल्ह्यातीलच तालुक्याचे गाव. परंतु तेथे जाणारी सरळ वाट चिचोंडी पाटील मागे टाकल्यावर कडा आणि आष्टी या गावांवरून जाते, आणि ही दोन्ही गावे त्या काळी निजामाच्या बीड जिल्ह्यात होती. आपल्याच जिल्ह्यातील तालुक्याला निघालेला माणूस इंग्रजांच्या राज्यातून निजामाच्या राज्यात शिरे आणि पुन्हा इंग्रजांच्या राज्यात उतरे. पलीकडच्या मुलुखाला सारेजण मोगलाई म्हणत. मोगलांची सत्ता जाऊन दोन शतके लोटली होती, नाव तेवढे जिभेवर राहिले होते.

व्यापारी घराण्यांना या सरहद्दीचे भय नव्हते. त्यांच्या चरितार्थाचा काही भाग तिच्यावरच उभा होता. एका भावाचे दुकान नगरला, तर दुसऱ्याचे कड्याला किंवा आष्टीला. मुली इकडच्या तिकडे दिल्या जात आणि तिकडच्या इकडे आणल्या जात. नगरहून कापड, मीठ, रॉकेल, लोखंडी सामान जाई. तिकडून ज्वारी, तूर, करडई आणि तुपाचे डबे येत. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत आणि निजामाच्या रुपयाला हाली शिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब दुकानात बसू लागलेला मुलगा पाढ्यांच्या जोडीनेच शिके. सरहद्दीवर निजामाच्या जकातखात्याचा नाका असे. त्या खात्याचे नाव करोडगिरी. गाडी थांबवायची, माल दाखवायचा, जकात भरायची, उर्दू शिक्क्याची पावती घ्यायची आणि पुढे व्हायचे. यात अर्धा-पाऊण तास जाई. तेवढ्यात बैल पाणी पीत, गाडीवान बिडी ओढी, आणि व्यापारी व नाक्यावरचा कारकून एकमेकांच्या घरची खुशाली विचारीत.

ज्यांची ही हकीकत आहे त्या गृहस्थांना घरात आणि बाजारात काकाजी म्हणत. त्यांची मुलेही त्यांना त्याच नावाने हाक मारीत. कापडबाजारातील एका लहान पेढीचे ते कर्ते होते. थोरली मुलगी त्यांनी आष्टी तालुक्यातील एका खेड्यात, चांगल्या चालत्या किराणा दुकानाच्या घरात दिली होती. तिच्याकडे जाता-येता जो नाका लागे, तेथे बारा-चौदा वर्षे एकच कारकून होता. त्याला सारे मुन्शी म्हणत. तो नाक्यामागच्या दोन खोल्यांत बायको आणि दोन मुलांसह राहत असे. दर ईदेला तो काकाजींच्या दुकानातून कापड मागवी, निम्मे पैसे रोख देई आणि निम्मे वर्षभरात फेडी. काकाजींच्या खतावणीत त्याचे पान होते. मुन्शीने जकातीत कधी सवलत दिली नाही आणि काकाजींनी कधी मागितली नाही. हे नमूद करावेसे वाटते, कारण दोघांमधील विश्वास देण्याघेण्याच्या मिंधेपणातून आलेला नव्हता.

१५ ऑगस्ट १९४७ ला इकडे तिरंगा चढला, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, आणि काही आठवड्यांतच निजाम सरकारने भारतीय चलनाच्या व्यवहारांवर बंदी घातली. काल जो कलदार दोन्हीकडे मानाने चालत होता, तो आज तिकडे बाळगणे गुन्ह्यात जमा झाले. व्यापाऱ्याला राजकारण कळते ते असे, खिशातून. कासीम रझवी या लातूरच्या वकिलाच्या हाताखाली रझाकारांची पथके गावोगाव फिरू लागली. गांधी टोपी दिसली की मारहाण, सावकार-दुकानदार दिसला की वर्गणी, आणि पुढे पुढे तर सरळ लूट. दुसरीकडे, सरहद्दीलगत भारतीय हद्दीत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची सशस्त्र केंद्रे उभी राहिली. निजामाची सत्ता जेथे जेथे दिसे तेथे ती घाव घालीत. लेव्हीच्या धान्याची कोठारे आणि करोडगिरीचे नाके ही त्यांची ठरलेली लक्ष्ये होती. नाक्यावरच्या कारकुनाला त्यामुळे दोन्ही बाजूंचे भय होते. रझाकारांना तो पुरेसा कडवा वाटत नसे आणि पलीकडच्यांना तो निजामाचा माणूस वाटे.

१९४८ च्या उन्हाळ्यात भारत सरकारने संस्थानाची आर्थिक कोंडी केली. मीठ, रॉकेल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग काहीच पलीकडे जाईना. जूनमध्ये लॉर्ड माउंटबॅटन मायदेशी परतले, तोवर वाटाघाटीही फिसकटल्या होत्या. गंमत अशी, की याच जूनच्या पहिल्या तारखेला राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून नगरला आली. पश्चिमेचा रस्ता असा मोकळा होत असताना पूर्वेचा रस्ता दिवसेंदिवस बंद होत होता. तिकडून गाड्या भरभरून माणसे येऊ लागली. नगरमधील वाड्यांत एकेका कुटुंबाच्या जागेत तीन-तीन कुटुंबे राहू लागली. धर्मशाळांच्या ओसऱ्यांवर चुली पेटल्या. आलेल्यांपैकी बहुतेकांनी दुकानाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून आणली होती. ती किल्ली ते झोपतानाही काढीत नसत.

काकाजींची मुलगी मात्र आली नव्हती. तिला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि सातव्या महिन्यात आणावयाचे, आठव्यात प्रवास करावयाचा नाही, हीही रीत. व्याह्यांचे पत्र बऱ्याच उशिराने हाती आले. त्यात त्यांनी एवढेच लिहिले होते की दुकान सोडून कोणालाही हलता येत नाही, मुलीस नेण्याची व्यवस्था आपणच पाहावी, पाहता न आल्यास येथे आम्ही आहोतच. शेवटच्या चार शब्दांवर काकाजींच्या पत्नीने दोन दिवस अन्न घेतले नाही. त्या खेड्यातील सुईण केव्हाच गाव सोडून गेली होती, हे त्यांना आलेल्या लोकांकडून कळले होते.

अशांत मुलुखातील प्रवासाचे वर्णन पुस्तकांतून धाडस म्हणून येते. ज्याला घरचे माणूस आणावयाचे असते त्याला धाडस सुचत नाही, हिशेब सुचतो. काकाजींनी हिशेब केला. बरोबर माल न्यायचा नाही, कारण इकडचे पोलीस कोंडी मोडणारा चोरटा व्यापारी म्हणून धरतील. कलदार न्यायचा नाही, कारण तिकडे तो गुन्हा. वही न्यायची नाही, कारण दोन्हीकडे ती हेराची समजली जाईल. पांढरी टोपी ठेवून जुनी काळी टोपी घालायची. भावांपैकी कोणी बरोबर यायचे नाही. एक माणूस अडकला तर पेढी चालेल, दोन अडकले तर चालणार नाही. हाली शिक्क्यातील थोडी रक्कम त्यांनी दशम्यांच्या फडक्यात बांधली. नगरच्या कचेरीतून मुलीच्या बाळंतपणाचे कारण लिहिलेला परवाना घेतला. त्या कागदाला पलीकडे काही किंमत नव्हती, पण परत येताना आपल्याच हद्दीत अडकू नये म्हणून तो हवा होता.

आषाढ नुकताच लागला होता. चिचोंडी पाटीलपर्यंत मोटार मिळाली. तेथून ओळखीच्या गाडीवानाची छकडा गाडी. नाक्यावर मुन्शीने त्यांना पाहिले तेव्हा तो प्रथम काहीच बोलला नाही. नेहमीसारखी खुशाली विचारली नाही. गाडी तपासल्यासारखे केले, पावतीपुस्तक उघडले, आणि मान वर न करता म्हणाला, "सेठजी, आज जाताय ते ठीक. पण परत येताना दिवसा या. रात को नक्को."

जाताना काही घडले नाही. वाटेत दोन गावे अशी लागली की जेथे दिवसाउजेडी एकही दार उघडे नव्हते, आणि एका ठिकाणी ज्वारीचे पेव उकरून नेल्याच्या खुणा दिसल्या. मुलीच्या घरी दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावलेल्या होत्या. आत माल थोडाच होता. व्याहीजींनी पाहुणचारात उणे पडू दिले नाही. पण निरोपाच्या वेळी त्यांनी सुनेच्या अंगावरचे दागिने उतरवून घेतले आणि काकाजींना म्हणाले, "वाटेत हे असणे बरे नव्हे. येथे पुरून ठेवतो. राहिले तर तिचे." काकाजींच्या मनात आले की हे घरही आता फार दिवस येथे राहावयाचे नाही. ते बोलले नाहीत. मुलीने गळ्यात काळी पोत आणि हातात काचेच्या बांगड्या एवढेच ठेवले.

परत दिवसा यावयाचे होते. पण पावसाने ते होऊ दिले नाही. कड्याच्या अलीकडे एका ओढ्याला पाणी आले आणि ते उतरेपर्यंत दुपार ढळली. मुलीला बसल्या जागी कळा येत असल्याचा भास होऊ लागला. नाका दिसला तेव्हा सूर्य अस्ताला टेकला होता आणि पुढच्या दोन कोसांत एकही वस्ती नव्हती. मुन्शीने गाडी पाहिली, गाडीतील मुलगी पाहिली आणि हातानेच बैल सोडण्याची खूण केली. तिला त्याने मागच्या खोलीत आपल्या बायकोकडे पाठविले. काकाजींना नाक्याच्या ओसरीवर बसविले आणि जकातीच्या कामासाठी थांबवून ठेवलेला व्यापारी अशी त्यांची नोंद रजिस्टरात केली.

पुढे पन्नास वर्षे ती मुलगी आपल्या मुलींना, सुनांना आणि नातींना त्या खोलीतील एकच गोष्ट सांगत असे, आणि ती रझाकारांची नसे. खोलीत गेल्याबरोबर मुन्शीच्या बायकोने दाराच्या फटीतून बाहेरचा उजेड पाहिला आणि गडबडीने मुरमुरे आणि गूळ तिच्यापुढे ठेवला. तुम्ही लोक दिवस मावळल्यावर खात नाही ना, मग आधी हे खा, असे ती म्हणाली. पाणी तिने कोऱ्या मडक्यात उकळवून ठेवले होते. सेठ लोक उकळलेले पाणी पितात हे तिने इतक्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडून ऐकले होते. मुलीने आयुष्यात प्रथमच परधर्मीयाच्या घरचे काही खाल्ले. खावे की न खावे याचा विचार करावयास सूर्याने वेळच ठेवला नाही, असे ती हसून सांगे.

रात्री नऊच्या सुमारास पंधरा-वीस माणसे आली. काहींच्या खांद्यावर बंदुका, बाकीच्यांच्या हाती भाले. त्यांच्या म्होरक्याने मुन्शीला विचारले, गाडी कोणाची? मुन्शीने रजिस्टर उघडून कंदील वर धरला आणि नोंद वाचून दाखविली. मग विचारणा झाली, आत कोण आहे? मुन्शी म्हणाला, माझ्या घरातील बायका. म्होरक्याने आत पाहिले नाही. त्याने गाडी उलथीपालथी करून तुपाचा एक डबा काढला, काकाजींच्या फडक्यातील हाली रुपये मोजून घेतले, त्यांच्या टोपीला भाल्याच्या टोकाने उडविले आणि पथक निघून गेले. एवढेच घडले. त्या वर्षी त्या मुलुखात याहून कितीतरी भयंकर गोष्टी घडल्या. गावे जळली, माणसे मारली गेली, बायका पळविल्या गेल्या. काकाजी पुढे कोणी ही हकीकत रंगवून सांगू लागले की त्याला थांबवीत आणि म्हणत, "आमचे काही गेले नाही. एक तुपाचा डबा गेला."

पहाटे बैल जुंपताना मुन्शीने काकाजींना बाजूस घेतले. कमरेच्या कसात त्याने साडेतीनशे हाली रुपये बांधले होते. ते त्याने त्यांच्या हाती दिले. "हे इथे राहणार नाहीत," तो म्हणाला. "तुमच्या वहीत जमा करा. सगळे निवळले की घेईन." काकाजी म्हणाले की तुमच्याच नाक्यावरून तुमचेच नाणे मी चोरून कसे नेऊ? मुन्शी त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसला असावा. म्हणाला, "नाक्यावर मी आहे ना." पावती मागण्याची किंवा देण्याची गोष्ट कोणीच काढली नाही. नगरला पोहोचल्यावर काकाजींनी आंघोळ करण्याआधी वही उघडली आणि सात हालीस सहा या भावाने ३०० रुपये मुन्शीच्या पानावर जमा मांडले. शेरा लिहिला: अमानत.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, संवत्सरी होऊन चार दिवस झाले असता, मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. लगेच दुसऱ्या दिवशी, १३ सप्टेंबरला, भारतीय सेना सर्व बाजूंनी हैदराबाद संस्थानात शिरली. १४ तारखेला औरंगाबाद ताब्यात आले, आणि १७ ला संध्याकाळी निजामाने शरणागती जाहीर केली. त्या रात्री कापडबाजारात फटाके उडाले. बाळंतिणीच्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून काकाजींनी खिडक्या लावून घेतल्या, पण साखर त्यांनीही वाटली. व्याही सुखरूप असल्याचा निरोप चार दिवसांनी आला. त्यांनी पुरलेले दागिनेही मिळाले.

नाक्याची बातमी त्याआधीच आली होती. सेना पुढे गेल्यावर मागे जे लोक उठले त्यांनी नाका जाळला होता.

येथून पुढचा भाग काकाजी सहसा सांगत नसत. तो त्यांच्या पत्नीकडून आणि मुलीकडून घरात राहिला. रझाकारांनी जे केले त्याचा सूड पुढच्या काही आठवड्यांत ज्यांनी ते केले नव्हते अशांवर घेतला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सरकारने पाठविलेले पथक नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरले. त्याच्या अहवालात संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत झाली असे त्यात म्हटले आहे. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. पण सरहद्दीवरच्या लोकांना अहवालाची गरज नव्हती. काय चालले आहे ते त्यांना ठाऊक होते. काकाजींनाही ठाऊक होते. नगरहून तो नाका एका दिवसाच्या अंतरावर होता आणि आता वाटेत रझाकार नव्हते, जकात नव्हती, परवाना नव्हता. जुलैमध्ये जो माणूस भाल्यांच्या मधून गेला तो सप्टेंबरात मोकळ्या रस्त्याने गेला नाही.

कारणे होती. घरात ओली बाळंतीण होती. पलीकडची उधारी बुडते की काय याची धास्ती होती, दुकानात निर्वासित नातलगांची गर्दी होती, दिवाळीचा माल भरावयाचा होता. आणि आणखी एक कारण होते, जे सर्वांना माहीत असून कोणी उच्चारीत नव्हते. करोडगिरीच्या कारकुनाची चौकशी करणारा नगरचा व्यापारी त्या दिवसांत लोकांच्या डोळ्यांत आला असता. आज गावात साखर वाटणारा उद्या निजामाच्या माणसाला शोधत फिरतो, याचा अर्थ लोक काय लावतील? काकाजी भित्रे नव्हते. पण व्यापाऱ्याचे भय निराळे असते. त्याला जिवापेक्षा नावाची काळजी अधिक वाटते.

पुढे दिवाळी आली. नव्या वह्यांना कुंकू लावण्याची वेळ आली तेव्हा जुन्या वहीतील शिल्लक खाती पुढे ओढावी लागली, आणि मुन्शीचे पान समोर आले. दुसऱ्या दिवशी पहाटे काकाजी कोणाला न सांगता निघाले. नाक्याच्या जागी चार काळ्या भिंती उभ्या होत्या. मागच्या दोन खोल्यांचे छप्पर गेले होते. कडब्याचा एक भारा कोणीतरी तेथे आडोशाला ठेवला होता. जवळच्या वस्तीवर त्यांनी विचारले. एकाने सांगितले, मुन्शी आधीच औरंगाबादेस निघून गेला. दुसऱ्याने सांगितले, हैदराबादेस. तिसरा काही बोलला नाही, बैलांना चारा टाकीत राहिला. काकाजी त्याच्याजवळ बराच वेळ उभे राहिले. तो शेवटपर्यंत बोलला नाही.

त्यानंतर त्यांनी औरंगाबादच्या तीन आणि हैदराबादच्या दोन आडत्यांना पत्रे लिहिली. जुन्या करोडगिरी खात्यातील नोकरांना पुढे अन्य खात्यांत सामावून घेण्यात आले तेव्हा तेथेही चौकशी केली. ज्याचे पूर्ण नाव आपल्याला माहीत नाही त्या माणसाचा शोध घेणे किती कठीण असते, हे त्यांना तेव्हा कळले. चौदा वर्षे ते त्याला मुन्शीजी म्हणत होते आणि वहीतही तेवढेच लिहिलेले होते.

रक्कम मात्र वहीत राहिली. अमानतीवर व्याज द्यावयाचे नसते, असे मुलांनी सांगून पाहिले. काकाजींनी दरमहा शेकडा आठ आणे या दराने व्याज मांडावयास लावले, कारण तो पैसा धंद्यात फिरत होता आणि फिरणाऱ्या पैशाचे व्याज न देणे ही चोरी होय, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षांत ३०० चे ४८० झाले. दर दिवाळीला हे पान नव्या वहीत सर्वांआधी ओढले जाई. संवत्सरीला ते घरातील लहानथोरांपासून दुकानातील हमालापर्यंत सर्वांची हात जोडून क्षमा मागत, आणि मग थोडा वेळ एकटेच ओसरीवर बसून राहत. घरातील कोणी त्या वेळी त्यांच्याशी बोलत नसे.

काकाजी गेल्यावरही खाते बंद झाले नाही. मुलांनी व्याज थांबविले, रक्कम ठेवली. पुढे पेढीचा हिशेब संगणकावर गेला तेव्हा नातवाने जुनी सारी खाती टॅलीत घातली आणि त्यात हेही घातले. हिशेब तपासनीस दरवर्षी त्याला अडखळत. इतक्या वर्षांचे बेवारस देणे आहे. ते उत्पन्नात दाखवा, कर भरा आणि मोकळे व्हा, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला व्यवहाराला धरूनच होता. शेवटी नातवाने त्या रकमेवरचा कर भरला आणि तेवढीच रक्कम घरखर्चातून काढून आपल्या आतेबहिणीच्या, म्हणजे त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईंच्या नावे बँकेत ठेवली. मुदत पुरी झाली की त्या स्वतः बँकेत जातात आणि पुन्हा ठेवून येतात. पावती त्यांच्या कपाटात असते. तिच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलीने लिहिले आहे: मुन्शीजी, करोडगिरी नाका, अमानत.